म्हाताऱ्या राजाचा मुखवटा

चौकटीत आवळलेली प्लास्टिकची पांढरी शीट ओव्हनच्या धगीने मधोमध झोळीसारखी लोंबू लागली, तशी सून ओरडली, “आई, आता! बटण दाबा.”

सासूबाईंनी व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला. त्याची नळी भोकं पाडलेल्या लाकडी खोक्यात जात होती आणि खोक्यावर त्यांच्या मुलाचा चेहरा होता. प्लास्टरचा, डोळे मिटलेला. तो नाटकांसाठी मुखवटे करायचा आणि साचा नेहमी स्वतःच्याच तोंडाचा घ्यायचा. “तोंड बंद ठेवून पडून राहायला दुसरं कोण तयार होणार?” म्हणायचा. तो गेला तेव्हा एका म्हाताऱ्या राजाचा मुखवटा करून द्यायचा राहिला होता. नाटकवाल्यांना त्याने शब्द दिलेला होता.

सुनेने आजवर फक्त चौकटीचं दुसरं टोक धरलं होतं. सासूबाईंना तर हे मुळीच पटलं नव्हतं. “त्याचं तोंड आता लोकांनी घालून नाचायचं का?” असं त्या सकाळीच बोलून गेल्या होत्या. पण काम एकटीने होण्यासारखं नव्हतं, म्हणून आल्या.

सुनेने चौकट ओव्हनमधून काढून झपकन त्या चेहऱ्यावर दाबली. सूंऽऽ करत हवा ओढली गेली आणि प्लास्टिक कपाळाला, नाकाला, हनुवटीला चिकटलं. कानशिलापाशी एक चुणी राहिली. हातमोजा घातलेल्या हाताने तिने ती दाबून बसवली. मग हातमोजा काढून टाकला आणि उघडा तळवा त्या गालावर टेकवला.

तो तिने उचललाच नाही.

“अगं, पोळेल हात!”

“नाही, आई. कोमट झालंय.” ती जरा बाजूला सरकली. “तुम्हीपण लावा.”

सासूबाईंनी मान फिरवली. मग न बघताच दुसऱ्या गालावर हात ठेवला. चेहरा गार होईपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिल्या. व्हॅक्यूम क्लीनर घोंघावत होता, तो बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

साच्यावरून मुखवटा सुटा झाला. सुनेने कडा कापल्या, पॉलिशपेपर मारला आणि कटर घेऊन मिटलेल्या पापण्यांपाशी अडली.

“आता डोळे कापायचेत.”

“कापायचेत म्हणू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “उघडायचेत म्हण.”

तिने उघडले.

अस्तराच्या रंगाचा हात वाळल्यावर तिने तपकिरी रंग पातळ केला. राजा ऐंशीला टेकलेला आणि साचा चाळिशीतला. तिने कपाळावर एक सुरकुती काढली. ती खोटी वाटली. ओल्या फडक्याने पुसून टाकली.

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “कपाळावर नको. ह्यांच्या घरात कपाळं शेवटपर्यंत गुळगुळीत. इथे काढ, नाकाच्या बाजूने खाली. ह्याच्या वडिलांना पहिली इथेच पडली.” बोट प्लास्टिकवरून हळूच खाली आलं. “आता डोळ्यांखाली पिशव्या. डावी मोठी. ते डाव्या कुशीवर झोपायचे.”

“हापण,” सून म्हणाली.

“मग मोठीच काढ.”

त्या सांगत गेल्या, ती काढत गेली. भुवया पांढऱ्या झाल्या, गाल बसले. ओठांच्या कडा तिने जरा जास्तच खाली ओढल्या तेव्हा सासूबाईंनी तिचा हात धरला. “एवढ्या नको. तो रडका नव्हता.”

काम संपल्यावर सुनेने मुखवटा वाळायला खिडकीत ठेवला आणि ब्रश धुवायला आत गेली. परत आली तर सासूबाई अजून खिडकीसमोरच उभ्या होत्या.

“उद्या न्यायला येतील,” ती चाचरत म्हणाली. “देऊ ना?”

“दे. सांभाळून वापरा म्हणावं.” त्यांची नजर हलली नाही. “माझ्याहून म्हातारा झाला गं,” त्या म्हणाल्या. “झाला एकदाचा.”