हलक्या गोळ्या

पिस्तूल पुन्हा अडलं. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर उडून पडायची, ती पिस्तुलाच्या खिडकीतच उभी राहिली. दारात पाय रोवून बसलेल्या पाहुण्यासारखी, ना आत ना बाहेर.

"मनगट!" मागून बाबा ओरडले. "मनगट ढिलं सोडलंस की असंच होणार. कितीदा सांगू?"

शेजारच्या नेमबाजांनी माना वळवल्या. बाबांचं हे असंच. कौतुक करायचं तर कानात, चूक काढायची तर मैदानभर.

धाकटीने पिस्तुलाचं तोंड लक्ष्याकडे ठेवून ते मेजावर टेकवलं. सरावाची वेळ संपत आली होती. त्यानंतर निवडीची खरी फेरी. तिथे अडलेल्या पिस्तुलाला एकदाच माफी. पुन्हा अडलं की राहिलेल्या गोळ्यांपुढे शून्य, आणि संघाऐवजी घर.

"मनगट नाही बाबा, गोळ्या. फार हलक्या आहेत या. वरच्या सरकत्या स्लाइडला पुरता धक्काच बसत नाही. ती अर्ध्यातनंच परत येते आणि पुंगळीला चिमटीत धरते."

"हलक्या मीच निवडून आणल्यात, तुझ्या हाताला झेपाव्यात म्हणून. दुकानदाराला जाऊन विचार, किती डबे उघडायला लावले त्याला!"

ते खरंच होतं. पोराला दणकट गोळ्या, पोरीला मऊ. दोघांची पिस्तुलं मात्र एकाच साच्यातली. बाबांच्या मायेचा हिशेबच तसा होता: ज्याच्या वाट्याला माया जास्त, त्याच्या गोळीत दारू कमी.

"दादा, माझ्या पिस्तुलातनं झाडून बघ. गोळ्याही माझ्याच घे," ती शेजारच्या मेजावरच्या भावाला म्हणाली.

बाप आणि बहीण यांच्या मधे उभं राहायची दादाला मुळीच हौस नव्हती. पण पंच बघत होते, टाळता येईना. त्याने अडकलेली पुंगळी काढून टाकली, हात ताणला. मनगट खुंटीसारखं घट्ट. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. तिसरीची पुंगळी खिडकीत उभी.

बाबांनी वाकून पिस्तुलाकडे पाहिलं.

"पिस्तूलच बिघडलंय," ते म्हणाले. "स्प्रिंग तपासून घ्यायला हवी."

धाकटी त्यांच्याकडे वळली.

"त्याच्या हातात अडलं तर पिस्तूल बिघडलं. माझ्या हातात अडलं तर मी बिघडले."

"अगं, हळू. लोक बघताहेत."

"मघाशीही बघतच होते."

तिने दादाच्या गोळ्यांचा डबा ओढून घेतला. "नाही झेपायच्या त्या तुला!" बाबा म्हणाले, आणि आधारासाठी लेकाकडे पाहिलं. दादा आपल्या बुटाची नाडी बांधायला खाली बसला. बहिणीला मदत करायची त्याची हीच रीत होती.

तिने गोळ्या भरल्या आणि झाडल्या. पिस्तूल हातात उसळलं, नाक वर करून पुन्हा जागेवर आलं. पुंगळी खणकन उजवीकडे भिरकावली गेली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. कुठे अडेना की कुठे थबकेना.

बाबा लगबगीने तिच्या उजव्या बाजूला सरकले आणि शेजारच्या प्रशिक्षकाला म्हणाले, "बघितलंत? मनगट आवळलं की नाही! सांगितलं की ऐकते आमची."

पुढची पुंगळी तापलेलीच त्यांच्या गालावर येऊन बसली.

"अगं आई गं! भाजलं ना!"

तेवढ्यात पंचांनी खऱ्या फेरीची हाक दिली. ती मागे वळली नाही. दादाच्या डब्यातली एकेक गोळी अंगठ्याने दाबून भरत राहिली.

"भाजणारच," ती म्हणाली. "आजवर आतच अडकत होती."