महिन्याची माशी

गळाचं टोक बुचात खुपसून फोटोवाल्यांनी दिव्यासमोर बटर पेपर चिकटवला, तोच मागून बायकोनं विचारलं, "डोकं जरा जाड झालंय का हो?"

"अगं, दिसू तर दे आधी!"

बटण दाबलं आणि तांदळाच्या दाण्याएवढी माशी कॉम्प्युटरच्या पडद्यावर मांजराएवढी झाली. नदीतल्या ट्राउट जातीच्या माशांना भुलवायची ही खोटी माशी. गळावर पीस ठेवायचं, त्यावर दोरा गुंडाळायचा, शेवटी डोक्याशी रोगणाचा थेंब. फोटोवाल्यांनीच ही विद्या मुलाला स्टुडिओच्या मागच्या खोलीत शिकवली होती. बायको शेजारी बसून पिसं निवडून द्यायची.

मुलाला या विद्येचं असं वेड लागलं, की त्यानं दूर डोंगरात नदीवरच्या राखणदाराची नोकरी धरली. "पासपोर्ट फोटो काढण्यात जन्म घालवायचा नाही मला," असं म्हणून तो निघाला. "मग या दुकानाची पायरी पुन्हा चढू नकोस," हे बापाचं उत्तर. दोघेही एकाच मातीचे. बोलणं बंद झालं ते झालंच.

पण महिन्याला एक छोटी डबी यायची. आत एक माशी, चिठ्ठी नाही. बाप तिचा फोटो काढायचा, मोठा छापायचा आणि बायकोपुढे सरकवायचा. "टाक टपालात," एवढंच म्हणायचा. बापलेकांचा संवाद म्हणायचा तर तो हाच.

हृदयाच्या झटक्यातून फोटोवाले वाचले, पण हातांना कंप राहिला. दुकान बंद झालं. जिना उतरायला मनाई, त्यामुळे खालच्या टपालपेटीतून डबी आणायचं कामही बायकोकडेच होतं. एरवी खिडकीशी गप्प बसून असणारे फोटोवाले डबी आली की दाढी करायचे, धुतलेला शर्ट घालायचे आणि कॅमेरा पुसायला घ्यायचे. त्या एका दिवसाच्या आशेवर ते महिना काढत होते, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं.

"दोरा घट्ट आहे," पडद्याला नाक लावून ते म्हणाले. "म्हणजे जेवतोय नीट. शेपूट सरळ. झोपही होतेय."

"आणि मागच्यापेक्षा?"

"मागच्यापेक्षा सफाई आलीय."

बायकोचा जीव भांड्यात पडला.

"या उन्हाळ्यात बोलावूया का गं त्याला? मीच एक पाऊल मागे घेतो. लहान होणार नाही मी त्यानं."

"त्याला रजा कुठे मिळते," असं म्हणून ती दूध बघायला आत गेली.

पुढच्याच आठवड्यात ती मोरीत घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. हात प्लॅस्टरमध्ये. आता फोटोवाल्यांच्या हाती घर आलं आणि घराची दैना झाली. चहात मीठ पडलं, दोन कप फुटले. पण तिची वेणी मात्र ते रोज घालायचे. थरथरत्या बोटांतून पेड सुटायचे, ते पुन्हा पहिल्यापासून धरायचे.

"राहू द्या हो. कोण बघतंय मला?"

"मी बघतोय की."

तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काहीतरी तिच्या ओठांवर यायचं, आणि ती नुसतं पाणी मागायची. महिना सरत आला तशी तिची तगमग वाढली.

"या खेपेला डबी नाही यायची बहुतेक," शेवटी ती म्हणाली. "हंगाम आहे ना. कामातून मान वर करायला वेळ नसेल."

"येईल गं," फोटोवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा दार उघडं होतं. जिन्यातून धापा ऐकू येत होत्या. ती धावली. फोटोवाले कठड्याला धरून वर येत होते. घामानं डबडबलेले, पण दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट.

"काय हे! डॉक्टरांनी जिना बंद केलाय ना?"

"तुझा हात मोडलेला. मग पेटी कोण बघणार?" त्यांनी मूठ उघडली. तळहातावर डबी होती. "बघ. म्हटलं नव्हतं?"

तिनं डाव्या हातानं ती उचलून उलटसुलट पाहिली.

त्यांनी नेहमीसारखा गळ बुचात खुपसला, दिवा लावला. फोटो काढायला बराच वेळ गेला. पडद्यावर माशी आली. दोऱ्याचे वेढे एकमेकांवर चढलेले, पीस मधेच मोडलेलं, शेपूट वाकडं, डोक्याशी रोगणाचा गोळा. इतकी बेंगरूळ माशी या घरात आजवर आली नव्हती.

"कशी आहे?" तिनं विचारलं.

फोटोवाल्यांनी रोगण लागलेल्या बोटांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले.

"थंडी असेल तिकडे. बोटं गारठली असतील," ते म्हणाले. "पण पोरगा बरा आहे. तू काळजी करू नकोस."

ती पडद्याकडे बघत राहिली. मुलगा पुरात वाहून गेल्याचा फोन तिनं घेतला तेव्हा फोटोवाले दवाखान्यात होते, आणि त्यांना धक्का बसेल असं काही सांगू नका, अशी डॉक्टरांची ताकीद होती. तेव्हापासून या घरात आलेली प्रत्येक माशी तिनं स्वयंपाकघराचं दार लावून स्वतः बांधली होती. ही तिनं बांधली नव्हती.