उमेदवाराचा मायरा

"मामा आला! मायरा आला!"

ढोल्यानं दारातच ढोल बडवायला घेतला. सुगनी ओवाळणीचं ताट घेऊन पुढे झाली.

चार जीपगाड्या धूळ उडवत ढाणीच्या वस्तीत शिरल्या. पहिलीतून रेवतराम चौधरी उतरला, लोकसभेचा उमेदवार. पांढराशुभ्र फेटा, कपाळाला गंध, हात जोडलेले. ते बहुधा तो गाडीतच जोडून ठेवत असावा.

महिन्यापूर्वी तो प्रचाराला आला, तेव्हा कुणीतरी त्याच्या कानाला लागलं. या बाईला भाऊ नाही आणि पोरीचं लग्न तोंडावर आलंय. त्यानं तिथल्या तिथं, तेजाजींच्या चौथऱ्यापुढे, सुगनीच्या हातचा गूळ खाल्ला. "आजपासून मी तुझा भाऊ. भाचीचा मायरा मी भरणार. तेजाजींची आण!" दिलेल्या शब्दासाठी ज्यानं रक्तबंबाळ अंगानं परत जाऊन नागाला डसायला जीभ पुढे केली, त्या देवाची आण. देवाचं नाव घेताना माणसाचा आवाज खाली येतो. याचा चढला होता.

सुगनीनं मात्र ते खरं धरलं. मामाचा मायरा, म्हणजे बहिणीला चुनडी नि भाचीला आहेर, आल्याशिवाय पोरीचं लग्न लागलं, की आईला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. तिची मोठी जाऊ पांची तर आतापासूनच विचारत होती, "तुझ्या दारात पाट कुणासाठी मांडायचा गं? मांजरासाठी?"

मतदानाला ढाणीतल्या सगळ्या बायका भर उन्हात रांगेत उभ्या राहिल्या. सुगनीचा भाऊ उभा होता ना!

दुसऱ्याच दिवशी, रीतीप्रमाणे गूळ-तांदूळ घेऊन सुगनी भावाला आवतण द्यायला गेली. फाटकावरच्या माणसानं तिला उंबऱ्यापर्यंतही जाऊ दिलं नाही. "साहेब झोपलेत. मतदान झालं, मावशी. आता निकालाला या, गुलाल मिळेल." ती परत आली. रोजच्यासारखा तेजाजींपुढे दिवा लावला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं.

ते गाऱ्हाणं जणू पोचलं निवडणूक आयोगाकडे. ढाणीच्या केंद्रात रेवतरामच्याच माणसांनी दुसऱ्यांची मतं देण्याचा उद्योग चालवला होता. पकडले गेल्यावर त्यांनी यंत्रच उचलून आपटलं. फेरमतदानाचा हुकूम निघाला, तो नेमका लग्नाच्या दुसऱ्या दिवसाचा. तोवर राज्यात वारं फिरल्याची कुजबुज होती. सगळ्या जागा खिशात आहेत म्हणून मिशांना पीळ देणारे आता एकेका ढाणीची मतं चाचपत हिंडत होते. जाहीर प्रचाराला बंदी होती. पण भाचीच्या लग्नाला निघालेल्या मामाला कोण अडवणार?

"साहेब, जरा उजेडाकडे," फोटोवाला म्हणाला. दारातल्या पाटावर उभा रेवतराम उजेडाकडे सरकला. कुणीतरी त्याच्या हातात कोरी करकरीत चुनडी दिली. सुगनीच्या डोक्यावर घालायला त्यानं ती उचलली. तोंड फोटोवाल्याकडे होतं.

"थांबा, भाऊ," सुगनी हळूच म्हणाली. "आधी मला नावानं हाक मारा. बहिणीला हाक मारून मग चुनडी घालतात."

रेवतराम मोठ्यानं हसला. "अगं, बहीण ती बहीण! भावाला नाव कशाला लागतंय?"

"गीता, गीता," मागून एक कार्यकर्ता पुटपुटला.

"काय गीताबाई, खरं की नाही?"

बायकांत खसखस पिकली. "भाड्यानं आणलाय वाटतं," पांची म्हणाली. "मग नाव तरी पाठ करवून आणायचास, सुगनी!"

सुगनीचं तोंड उतरलं. ही चुनडी डोक्यावर घेतली, तर देवाच्या खोट्या आणेत आपणही वाटेकरी. नाही घेतली, तर पांचीची जीभ जन्माची मागे. ती ताट घेऊन वळली. बिनमायऱ्याचं तर बिनमायऱ्याचं.

रेवतरामच्या कपाळावर घाम आला. बहीण जाते म्हणून नव्हे. उद्याचं केंद्र जात होतं.

"सुगनीबाई!"

हाक बायकांच्या घोळक्यातून आली. छातीपर्यंत घुंगट ओढलेली एक बाई पुढे झाली. रेवतरामची बायको. शेवटच्या गाडीतून उतरून ती मघापासून ढोल्याच्या बायकोशी बोलत उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, नवऱ्यानंही नाही. तिनं त्याच्या हातातली चुनडी बाजूला सारली. आपल्या बोचक्यातून एक जुनी लाल चुनडी काढली. घडीवर जरीचे काठ काळवंडले होते. दोन्ही हातांनी तिनं ती सुगनीच्या डोक्यावर घातली.

"वहिनी आली! मायरा आला!" म्हाताऱ्याकोताऱ्या ओरडल्या. गाणं सुरू झालं. ढोल घुमला. पांचीनंसुद्धा पदरानं डोळे टिपले.

रेवतरामनं पुन्हा हात जोडले. फोटो झकास आला. "झालं काम," तो शेजारच्याला म्हणाला. "ढाणी आपली."

पाटापाशी नणंद-भावजया गळ्यात गळा घालून उभ्या होत्या. घुंगटाला घुंगट लागला होता.

"बाईसा," वहिनी सुगनीच्या कानाशी म्हणाली, "ही माझ्या भावानं मला घातलेली चुनडी आहे, ह्यांची नाही. तुम्ही बिनघोर घ्या. आणि उद्या मत मात्र ह्यांना देऊ नका."