आधी दाखला

मुख्याध्यापिका असताना बाईंनी जन्मदाखल्याशिवाय एकाही मुलाला शाळेत घेतलं नव्हतं. कुणी कितीही हातापाया पडलं तरी त्यांचा एकच हेका, "आधी दाखला." निवृत्तीनंतर नातवंडांसाठी घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आणि त्यापायी त्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत खेटे घालू लागल्या.

त्या दिवशी कारकुनानं मृत्यूच्या जुन्या रजिस्टरवर बोट ठेवलं आणि तो हसला. "बाई, तुम्ही तर दोन वर्षांच्या असतानाच गेलात की!"

बाईंनी चष्मा लावला. नाव त्यांचंच. आईवडील तेच, घर नंबरही तोच. कारण, गोवर. मग दोघांनी जन्माची पुढची सगळी रजिस्टरं चाळली. त्या घरात नंतर दुसरी मुलगी जन्मल्याची नोंदच नव्हती.

घरी येऊन त्यांनी आईच्या खाटेशी बसून ती नोंद सांगितली. नव्वदीतली आई भिंतीकडे तोंड करून बोलू लागली.

"थोरली गेली. मग तू झालीस. नाव तिचंच ठेवलं. दाखला घरात होताच, तोच शाळेत दिला."

म्हणजे आजवर साजरा झाला तो थोरलीचा वाढदिवस. म्हणूनच आई दर वर्षी त्या दिवशी डोळे पुसत कामं उरकायची.

"आणि माझा वाढदिवस गं, आई? तो कधी?"

"नाही गं आठवत," आई म्हणाली. "तेव्हा मी तिच्यासाठीच रडत होते."