मानेचा सांधा

गाडीचा मोडलेला सांधा त्याने दुकानातल्या काउंटरवर जुन्या टॉवेलवर ठेवला आणि वरून दुसरा टॉवेल टाकला. गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायला नको. गाड्या बनवणाऱ्या कारखान्याची तपासनीस बाई अकराला येणार होती. साडेदहापासून त्याच्या दारापर्यंत चार खेपा झाल्या होत्या.

"बाबा, जाते मी. शर्यतीच्या सरावाचा शेवटचा दिवस आहे," भिंगरी म्हणाली आणि तिने खुंटीवरचं हेल्मेट काढून घेतलं. एकोणीस वर्षांची मुलगी, पण एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. त्याने नुसती मान हलवली. आज डोक्याला इतका घोर होता, की तिची वेगळी काळजी करायला जागाच नव्हती. शिवाय तिच्या गाडीवर त्याने जेवढी मेहनत घेतली होती तेवढी दुसऱ्या कुठल्याच गाडीवर घेतली नव्हती. त्या एका गाडीचं तो छातीवर हात ठेवून सांगू शकत होता.

बाकीच्यांचं सांगता येत नव्हतं, आणि सगळं दुखणं तेच होतं. चिखलामातीतून उड्या घेत पळवायच्या या चिनी बनावटीच्या डर्ट बाइक. मोठ्या कंपनीच्या एका गाडीच्या किमतीत त्याच्याकडच्या तीन येत. गिऱ्हाईक किंमत ऐकून खूश व्हायचं आणि लगेच विचारायचं, "टिकेल ना पण?" सहा वर्षं तो "टिकते की!" म्हणत आला होता, आणि सहा वर्षं दर वेळी गिऱ्हाइकाची नजर चुकवत होता.

दुकान काढण्याआधी तो गेट आणि खिडक्यांचं वेल्डिंग करायचा. हात चांगला बसलेला. पेटीतून निघालेल्या गाडीवरची कारखान्याची ती बारीकशी रेघ बघितली, की त्याला वाटे, कुणीतरी काम उरकलंय. मग त्याने एक शिरस्ता पाडला. गाडी आपल्या माणसाची असेल, तर ती आधी मागच्या शेडमध्ये न्यायची. हँडल जिथे फ्रेमला जोडलेलं असतं, त्या मानेच्या सांध्यावरचा रंग खरवडायचा आणि वरून स्वतःच्या हाताने वेल्डिंगचा जाड थर मारायचा. पुन्हा रंग. यात अख्खा दिवस जाई. सगळ्यांनाच असं करायचं तर किंमत वाढली असती, आणि किंमत वाढायची वाट बघत कोपऱ्यावरचा दुसरा दुकानदार टपलेलाच होता. म्हणून बाहेरच्यांना गाडी पेटीतून निघेल तशी. याची त्याला मनातून लाज वाटायची.

आणि रविवारी मेहुण्याची गाडी उडी घेऊन खाली आली ती मानेतच तुटली. खांद्याचं हाड मोडलं. जिवावर आलेलं खांद्यावर निभावलं. मेहुणा वल्ली माणूस, "गाडी स्वस्त, प्लास्टर महाग," म्हणून पलंगावर पडल्या पडल्या हसत होता. याला मात्र हसू येईना. हाताने मजबूत केलेली गाडी मोडली, तर पेटीतून निघाल्या तशा विकलेल्या दोनशे गाड्यांचं काय? त्यांच्यावर कुणाची ना कुणाची पोरं बसतात. माल खोटा निघाला तर सगळ्या परत बोलवायच्या आणि दुकानाला कुलूप लावायचं, असं त्याने बायकोला सांगून टाकलं होतं. ती "बरं" म्हणाली होती.

बाई वेळेवर आली. चहा नको म्हणाली. टॉवेल बाजूला करून तिने सांधा उचलला, खिशातून भिंग काढलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिच्यापेक्षा याचाच श्वास मोठ्याने ऐकू येत होता.

"हा आमचा वेल्ड," ती शेवटी बोलली. या भागात वर्षानुवर्षं येऊन ती इथली भाषा शिकली होती. "हा अखंड आहे. त्याच्यावरचा हा दुसरा कुणाचा?"

"माझा." इतक्या धास्तीतही त्याच्या आवाजात थोडा अभिमान आलाच. "मजबुतीसाठी मारला."

बाईने भिंग खाली ठेवलं. "साहेब, नळी पातळ आहे. किंमत कमी, म्हणून पातळ. पण एकदा जोडायला पुरते. पुन्हा तापवली की वेल्डच्या कडेला ठिसूळ होते. ही भेग बघा. तुमच्या थराच्या कडेकडेने गेली आहे. जितके थर जास्त, तितकी लवकर मोडणार."

त्याने पाहिलं. वेल्डिंगवाल्याला हे दोनदा सांगावं लागत नाही.

"असं किती गाड्यांना केलंत?"

"अकरा," तो म्हणाला. "बाहेरच्या एकालाही नाही. फक्त आपल्या माणसांना."

"मग त्या बाहेरच्यांची काळजी सोडा. त्यांच्या गाड्यांना काही होत नाही."

दोनशे गाड्या. रविवारपासून पहिल्यांदा त्याने मोकळा श्वास घेतला. दुकान राहणार होतं. आता त्या अकरांना फोन लावायचे, हातापाया पडायचं, गाड्या बदलून द्यायच्या. मेहुणा तर जन्मभर चिडवणार. या विचाराने त्याला हसू येणारच होतं.

"अहो," मागून बायको म्हणाली. फोन तिच्या कानालाच होता. "भिंगरी उचलत नाहीये."

त्याची नजर रिकाम्या खुंटीवर गेली. मेहुण्याच्या गाडीला त्याने वेल्डिंगचा एक थर मारला होता. लेकीच्या गाडीला तीन.