विकलेला फोन

"आपा, अगोदर तुझं खातं काढ, सगळं पुस, मगच फोन दे," बिलाल म्हणाला होता.

"हाव रे शहाण्या, कॉलेज मी बी केलंय," म्हणत जेबानं धाकट्या भावाला उडवून लावलं.

दुकानदार तो महागाचा फोन निम्म्या किमतीत मागत होता. ऑनलाइन विकायला टाकला तर दुसऱ्याच दिवशी अर्धापूरहून एक माणूस नांदेडला तिच्या दारात हजर. बायकोसाठी पाहिजे म्हणाला. घासाघीस नाही. तिच्या लहानग्या लेकीला, मनतशाला, कडेवर घेऊन त्यानं चॉकलेटही दिलं. खुशीत जेबानं फक्त सिमकार्ड काढून घेतलं.

आता त्या फोननं काढलेले फोटो तिच्या नव्या फोनवर येत होते. आधी केळीचे घड. मग वखारीशेजारचं हिरवं दार, दारात हसणारी एक बाई. मग तीच बाई, ओठ फुटलेला. मग मनगटावरचे वळ. आज तेच दार, पण आतून. फटीतून बाहेरचं कुलूप दिसत होतं.

"खातं एकच हाय," बिलाल म्हणाला. "म्हणजे आपल्या मनतशाचे फोटो बी तिकडं दिसून राहिले असतील. त्याला. हे बटण दाब, तो फोन आपल्या खात्यातून तुटला. विषय संपला."

"अन् ती?"

"तिचं नाव तरी माहीत हाय का?"

"पोलिसांना फोटो दाखवते."

"पोलीस त्याच्या दारात गेले, की तो कुणाच्या दारात येईल, आपा?"

तेवढ्यात नवा फोटो आला. बाईनं केस मागं सारले होते. कानामागची जखम दाखवत ती थेट समोर बघत होती. पलीकडं कुणीतरी बघतंय, हे हिला ठाऊक होतं.

मनतशा मांडीवर चढली. "अम्मी, ही कोण?"

जेबानं बटण दाबलं.

फोटो थांबले. तेव्हापासून अर्धापूरकडं जाणारं कुणीही भेटलं, की जेबा त्याला सांगते. तुम्हालाही तेच सांगणं आहे. केळीच्या वखारीशेजारी हिरवं दार आहे. तिथं थांबा, प्यायला पाणी मागा. ते कोण आणून देतं, तेवढं बघा.

दाराला कुलूप असलं, तरी मागा.