कार्डावरचा पंखा

सईने कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड काढलं आणि त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या. केबल बदलली, मॉनिटर बदलला. स्क्रीन काळाच, कार्डाचा पंखाही निपचित. "वॉरंटी संपलीय, ताई. नवीन घ्या," दुकानदार फोनवर म्हणाला.

नवीन घेऊन भागणार नव्हतं. धाकटा भाऊ निमिष अपघातात गेल्यापासून आईच्या हट्टापायी त्याचा कॉम्प्युटर चालूच असे. जुन्या कार्डाच्या पंख्याची घरघर ऐकली, की लेक शेजारच्या खोलीत गेम खेळतोय असं वाटून तिचा डोळा लागायचा. घरघर बंद पडली, तशी आईची झोपही गेली.

सईने कार्ड परत बसवलं, तरी काहीच नाही. शेवटी ते काढून तिने टेबलावर ठेवलं.

"झालं वाटतं गं नीट," भिंतीपलीकडून आई पेंगुळल्या आवाजात म्हणाली. "आला बघ आवाज."

टेबलावर, एकही वायर न जोडलेल्या कार्डाचा पंखा गरगर फिरत होता. वारा असेल म्हणून सईने खिडकी लावून घेतली. तो फिरतच राहिला. तिने पात्यावर बोट टेकवलं. पंखा थांबला.

"थांबवतेस कशाला?" आई म्हणाली. "खेळू दे की त्याला."